हिवाळी केदारकंठा: ओल, वारा आणि उशीर

डिसेंबर-जानेवारीत हिमालयातल्या केदारकंठा शिखराकडे निघालेल्या गटातून पहिला प्रश्न हमखास येतो, "वर किती मायनस असतं?" बेस कॅम्पवर रात्री साधारण उणे ८ ते उणे १५, आकाश निरभ्र असेल तर थोडं आणखी खाली. पण नुसत्या आकड्याने फारसं काही ठरत नाही. अंगात कोरडे कपडे, पोटात अन्न आणि वाऱ्याला आडोसा असेल तर उणे १० मध्ये माणूस निवांत झोपतो. घामाने चिंब सुती टी-शर्टवर वाऱ्यात उभा राहिला, तर शून्याच्या वरच्या तापमानातही थोड्या वेळात त्याचे दात वाजायला लागतात. त्यामुळे हिवाळ्यात गट नेताना आम्ही तीन गोष्टींवर डोळा ठेवतो: ओल, वारा आणि उशीर. ट्रेक बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा यातल्या दोन एकत्र आलेल्या असतात.

जागा आधी सांगतो. केदारकंठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशू विहार या अभयारण्याच्या हद्दीत आहे. माथा सुमारे ३,८०० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. पायथ्याचं सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर. डेहराडूनहून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असा आठ-दहा तासांचा रस्ता. पहिला मुक्काम जुडा का तालाब, सुमारे २,७७० मीटर. दुसरा बेस कॅम्प, सुमारे ३,४०० मीटर. तिथून पहाटे माथा आणि त्याच दिवशी खाली उतरणं. वाट 'सोपी' म्हणून प्रसिद्ध आहे आणि उन्हाच्या दिवशी ती खरोखर सोपी आहे.

काम सुरू होतं निघण्याच्या आठवडाभर आधी, हवामानापासून. इथला हिवाळी बर्फ आणतात पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने बाष्प घेऊन ते वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण-अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि हिमालयाला धडकून बर्फ टाकतात. हिवाळ्यात महिन्याला असे काही येतातच. बरेचसे नुसते ढग दाखवून जातात, एखादा दोन-तीन दिवस मुक्काम करतो. भारतीय हवामान विभागाचं डेहराडून केंद्र जिल्हावार अंदाज देतं. त्यात रंगीत इशाऱ्याइतकंच महत्त्वाचं असतं एक छोटं वाक्य: बर्फवृष्टी 'किती मीटरच्या वर'. '३,००० मीटरच्या वर' लिहिलं असेल तर बेस कॅम्पवर बर्फ पडणार, पण जुडा का तालाबला कदाचित भुरभुर किंवा पाऊस. '२,५०० च्या वर' असेल तर दोन्ही मुक्काम बर्फात. आकडा २,००० च्या आसपास आला की सांकरीतच बर्फ, आणि मग गाडीरस्ताही हिशेबात धरायचा. यातला बर्फापेक्षा वाईट प्रकार म्हणजे शून्याच्या आसपासचा पाऊस. कोरडा बर्फ झटकता येतो, पाऊस कपड्यांत मुरतो.

मोबाइलवरचं ॲप बहुधा सांकरीचं किंवा आसपासच्या चौकोनाचं सरासरी तापमान दाखवतं. त्यातून हजार फुटांना दोन अंश वजा करायचे. बेस कॅम्प सांकरीपेक्षा जवळपास पावणेपाच हजार फूट उंच, म्हणून साडेनऊ-दहा अंश कमी. माथा सहा हजार फूट उंच, म्हणून बारा कमी. हा ढोबळ हिशेब दिवसाचा. निरभ्र रात्री थंड हवा दरीत साचते आणि कधी कधी खालचा तळ वरच्या उतारापेक्षा गार निघतो. म्हणून तंबू खोलगट भागात लावत नाही, थोडा वर लावतो.

वर गेल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा आकाश वाचावं लागतं. उंचावर पांढरे तंतुमेघ पसरायला लागले, मग सूर्याला किंवा चंद्राला खळं पडलं, संध्याकाळ अचानक उबदार वाटू लागली, की बारा ते चोवीस तासांत काहीतरी येऊ घातलंय असं धरायचं. मनगटावर दाबमापक असलेलं घड्याळ असेल तर झोपताना उंची नोंदवायची. तंबू हललेला नाही, पण सकाळी घड्याळ ४० मीटर जास्त उंची दाखवतंय, याचा अर्थ हवेचा दाब साडेतीन-चार हेक्टोपास्कलने उतरलाय. अशा सकाळी आम्ही वर सरकण्याची घाई करत नाही. आणखी एक गोष्ट फसवते. झंझावात निघून गेल्यावर आकाश धुतल्यासारखं निळं होतं, सगळे खूश होतात. पण ढगांचं पांघरूण गेलेलं असतं आणि वायव्येचा कोरडा वारा सुटलेला असतो. सगळ्यात बोचरी रात्र हीच, आणि नाक-कान-बोटांना हिमदंश होण्याची भीतीही तेव्हाच जास्त.

हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था जिल्हावार १ ते ५ अशा श्रेणीत तो देते. केदारकंठाची नेहमीची वाट धारेने जाते, त्यामुळे धोका कमी. पण घळी आणि माथ्याखालचे तीव्र उतार त्याला अपवाद आहेत. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर बर्फ सुटतो. त्याहून सपाट जागी तो बहुधा टिकून राहतो आणि त्याहून उभ्या जागी फारसा साचत नाही. चोवीस तासांत फूटभर ताजा बर्फ पडला असेल, किंवा वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसरीकडे थर चढवला असेल, तर दोन दिवस तरी अशा उतारांवर पाय नाही. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज येऊन बर्फ खचला किंवा त्यात लांब तडा गेला, तर चर्चा न करता आल्या पावली मागे. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच जिल्ह्यात द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. ती प्रशिक्षकांसोबतची, दोरांनिशी सज्ज माणसं होती. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने उतरते. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो.

आता कपडे. सह्याद्रीतल्या सवयी इथे आड येतात. कळसूबाई आहे १,६४६ मीटर. आपल्याकडे थंडीतही घामेजलेला टी-शर्ट वर जाऊन बदलला किंवा उन्हात वाळवला की भागतं. केदारकंठाला सुती कापड अंगावर नकोच, बनियनही नको. अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. पिसांचं जाकीट सॅकमध्ये सगळ्यात वर, कारण ते चालताना घालायचं नाही, थांबल्यावर घालायचं. चढताना ते घातलं की माणूस घामेजतो, पिसं ओली होऊन त्यांचा गोळा होतो आणि रात्री तेच जाकीट निरुपयोगी ठरतं.

आमचा नियम असा, की निघताना जरा थंडी वाजलीच पाहिजे. गरम वाटत असेल तर एक थर जास्त आहे. निघाल्यावर दहा मिनिटांनी पूर्ण गट थांबवायचा, प्रत्येकाने एक थर उतरवायचा, मगच पुढे. वेग असा, की बोलताना धाप लागू नये. पुण्या-मुंबईच्या चपळ मंडळींना हा वेग पचत नाही. पण घाम आला म्हणजे संध्याकाळची थंडी आपणच विकत घेतली. सराव करायचाच तर जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्काम करा. कोकणकड्याच्या वाऱ्यात पहाटे तासभर बसून कोणता थर कुठे कमी पडतो ते बघा, तिथे चूक झाली तरी स्वस्तात सुटते.

मोजे चालायला तीन जोड, झोपायला लोकरीचा एक वेगळा, जो बाहेर कधीच वापरायचा नाही. हातमोजे दोन थरांचे, आत पातळ फ्लीसचे आणि वर पाणी न शिरणारे, शिवाय एक जादा जोड. हातमोजा वाऱ्याने उडाला तर बोटं वाचवायला दुसरा काही उपाय नसतो. म्हणून मनगटाला दोरी लावून घ्यायची. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका, वारा ते काढून नेतो. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान त्यात भरायचं. बूट अर्धा माप सैल हवेत. दोन जोड मोजे कोंबून घट्ट बांधलेल्या बुटात रक्त पोचत नाही, आणि अशी बोटं आधी बधिर होतात.

मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटावर चढवायच्या दातेरी साखळ्या, बहुतेकजण सांकरीत भाड्याने घेतात. दुकानातच प्रत्येक कडी ओढून पाहा, रबराला चीर आहे का बघा, बुटावर चढवून चार पावलं चाला. गारठ्यात रबर ताठरतं आणि चिरलेलं रबर उतारावर तुटतं. आधी चवडा अडकवायचा, मग मागची पट्टी टाचेवर खेचायची, दाते तळव्याच्या मधोमध आलेत हे हाताने चाचपायचं. हे काम गोठलेल्या वाटेच्या मधे उभं राहून करत बसू नका. निसरडी जागा यायच्या आधी, सपाटीवर, गटाने एकदमच करा. खिशात चार-पाच प्लॅस्टिकचे केबल टाय असू द्या, त्यांनी बांधलेली तुटकी कडी बहुधा बेस कॅम्पपर्यंत टिकते. दुपारच्या ओल्या बर्फात दात्यांखाली गोळे चिकटतात आणि स्पाइक्स घालूनही पाय घसरतो. दर काही पावलांनी काठीने बुटाच्या कडेला ठोकलं की गोळा पडतो. सगळ्यात घातक जागा खोल बर्फाची नसतेच. जुडा का तालाबच्या आसपास ओक-पाइनच्या सावलीत शेकडो पायांनी दाबलेला बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री कडक होतो. तो मातीच्या रंगाचा दिसतो, म्हणून कळत नाही.

मुक्कामी पोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटं रात्रीचं नशीब ठरवतात. फोटो नंतर. आधी अंगालगतचा ओला थर काढायचा, कोरडा चढवायचा, पिसांचं जाकीट, कानटोपी, मग गरम पाणी आणि काहीतरी गोड-तेलकट. चिक्की, शेंगदाणे, तुपातले लाडू इथे फार कामाचे. चॉकलेटचे काही प्रकार दगड होतात. तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत, शिवाय थंडीत लघवी जास्त होते. दिवसाला तीन लिटर पोटात गेलंच पाहिजे, त्यातलं निम्मं गरम. नळीवाली पाण्याची पिशवी नकोच, नळी गोठते. रुंद तोंडाची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे झाकणाकडे पाणी मोकळं राहतं.

बर्फ वितळवताना भांड्यात आधी कपभर पाणी घालावं, नाहीतर कोरडा बर्फ तळाला करपतो आणि पाण्याला धुरकट चव येते. गॅसच्या छोट्या डब्यांचं एक गणित आहे. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत साथ देतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. स्वस्त डब्यात बहुतांश ब्युटेन असतं, म्हणून डबा भरलेला असूनही ज्योत मरते. मिश्र डब्यातसुद्धा प्रोपेन आधी जळून जातं, त्यामुळे अर्धा संपलेला डबा जास्त कुरकुर करतो. डबा कोमट पाण्याच्या थाळीत दोन बोटं बुडवून ठेवला की चालतो. त्याला थेट आच मात्र कधीच द्यायची नाही.

आणि स्टोव्ह बंद तंबूत नाही. हॉटेलच्या बंद खोलीत कोळशाची शेगडीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि उंचीमुळे होत असेल म्हणून माणूस आडवा होतो. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी दार उघडा, शेगडी बाहेर काढा, मग बाकीचं.

स्लीपिंग बॅगवर 'उणे १०' लिहिलेलं असतं ते बहुधा लिमिट तापमान, म्हणजे अंग चोरून कशीबशी रात्र निघते ते. आरामाचं तापमान त्याहून पाच-सहा अंश वर असतं. बॅगइतकीच मॅट महत्त्वाची, कारण अंगाखालची पिसं दबून जातात आणि उष्णता जमीन खेचते. फोमची आणि हवेची अशा दोन मॅट एकावर एक घालाव्यात. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये. बूट पिशवीत घालून पायथ्याशी, बॅगेच्या आत. बाहेर ठेवलेले बूट पहाटे लाकडासारखे होतात आणि ते पायात चढवण्यात अर्धा तास जातो. हेडलॅम्प, पॉवर बँक, फोन छातीशी. तंबूची हवेची झडप उघडीच ठेवायची, नाहीतर श्वासाचं पाणी कापडावर गोठून सकाळी अंगावर पडतं. बर्फ पडत असेल तर पाळ्या लावून दर दोन तासांनी छत आतून थोपटायचं. मेखा भुसभुशीत बर्फात धरत नाहीत. पिशवीत बर्फ भरून, दोरी बांधून ती आडवी पुरली आणि वर पायाने दाबलं की तासाभरात ती पक्की बसते.

माथ्याच्या दिवशी पहाटे साडेतीन-चारला निघतो. डिसेंबर अखेरीस सूर्य सातनंतरच उगवतो. लवकर निघायचं कारण सूर्योदय पाहणं एवढंच नाही. दहा-अकरानंतर उतारावरचा बर्फ मऊ होतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. झाडी संपली की वारा सुरू. उणे १० तापमान आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० इतकं लागतं. म्हणून झाडी संपायच्या आधीच, आडोशाला, सगळे थर चढवून घ्यायचे. उघड्यावर सॅक खोलली की काहीतरी उडतंच. जोड्या लावून दर पंधरा मिनिटांनी एकमेकांचे गाल, नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी बघायची. पांढुरका मेणचट ठिपका दिसला तर तिथेच थांबून उघडा उबदार तळहात त्यावर ठेवायचा, चोळायचं नाही. रंग आणि टोचरी वेदना परत आली तर वाचलं.

परतायची वेळ आदल्या रात्री ठरते, वर नाही. नऊ वाजता जिथे असू तिथून मागे. माथा समोर दिसत असला तरी. माथ्यावरच्या गर्दीत रांगेत उभं राहून फोटोसाठी अर्धा तास घालवणं आम्हाला पटत नाही. उभा माणूस गारठतो आणि ते त्याला उतरताना कळतं. धारेच्या कडेला वाऱ्याने बाहेर वाढवलेला बर्फाचा छज्जा असतो, त्याखाली जमीन नसते. कडेपासून चार-पाच मीटर आत राहायचं. ढग उतरून जमीन-आकाश एक झालं तर पावलांच्या खुणांवर विसंबू नका, वारा त्या दहा मिनिटांत बुजवतो. फोनमध्ये वाट आधीच उतरवून घेतलेली हवी, शेवटचा माणूस ठरलेला हवा आणि मोजणी सतत हवी. गॉगल ढगाळ दिवशीही काढायचा नाही. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री सुरू होते.

उतरताना पार्श्वभागावर बसून घसरत येण्याची हौस सगळ्यांना असते. घसरायचंच असेल तर आधी मायक्रोस्पाइक्स काढा. घसरता घसरता दाते बर्फात रुततात, पाय तिथेच राहतो आणि शरीर पुढे जातं. घोटा मोडण्याची ही हमखास रीत आहे.

हायपोथर्मिया ओळखायला थर्मामीटर लागत नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जी लक्षणं दिसतात ती चटकन कळतात. माणूस मागे पडतो, बोलायचा थांबतो, जीभ जड होते, चेन लावता येत नाही, हातमोजा पडला तरी उचलत नाही. विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणतो. चाचणी सोपी: सरळ रेषेत दहा पावलं चालायला आणि अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. कुडकुडणं चालू आहे तोवर शरीर लढतंय. अंग गार असताना कुडकुडणं थांबलं, तर तो सुधार नाही, हार आहे. या टप्प्यावर काहीजण 'गरम होतंय' म्हणून कपडे काढायला लागतात.

शुद्धीवर असलेल्याला वाऱ्याच्या आड न्यायचं आणि मॅटवर बसवायचं. थेट बर्फावर नाही. ओले कपडे काढून कोरडे घालायचे, स्लीपिंग बॅगमध्ये घालून बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळायचं. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीवर. गिळता येत असेल तर साखरेचं कोमट पाणी, घोट घोट. रम नाही, दारूने कातडीकडे रक्त धावतं, उबदार वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. हातपाय चोळायचे नाहीत. कुडकुडणं थांबलेल्या माणसाला चालवायचं नाही आणि उचलताना गदागदा हलवायचंही नाही, थंड हृदयाचे ठोके साध्या धक्क्यानेही बिघडतात. त्याला आडवंच न्यायचं आणि ११२ वर कळवायचं. अडखळत चालणं उंचीच्या आजारातही दिसतं. शंका असेल तर उपाय दोन्हींत एकच ठेवायचा: उब द्या आणि खाली न्या.

जून २०२४ मध्ये उत्तरकाशी-टिहरीच्या सीमेवरच्या सहस्रताल ट्रेकवर वाटाडे धरून बावीसजणांचा, बहुतेक कर्नाटकातल्यांचा गट वादळात अडकला आणि नऊजण गेले. महिना जूनचा होता. उघड्या धारेवरचा वारा आणि बर्फ, आणि आडोसा दूर, एवढं जुळून आलं की कॅलेंडर कामाला येत नाही.

बोटं खरोखर गोठली, म्हणजे कडक, पांढरी आणि संवेदनाहीन झाली, तर वर शेकायला बसू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही, आणि वितळलेलं बोट पुन्हा गोठलं तर नुकसान कैक पटींनी वाढतं. कोरडं, सैल गुंडाळून सांकरीपर्यंत आणायचं. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तिथेच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचं. पाणी कोपराने तपासायचं, थंड होईल तसं गरम पाणी मिसळत राहायचं. दुखतं फार, आधी सांगून ठेवावं. फोड फोडायचे नाहीत आणि तिथून थेट रुग्णालय.

शेवटी रस्ता. झंझावातानंतर सांकरी-मोरीच्या पट्ट्यात आणि मसुरीच्या चढावर सावलीतल्या वळणांवर रात्री बर्फ गोठतो, म्हणून गाडी उन्हं वर आल्यावर काढायची आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. बर्फात गाडी अडकली आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना ते पाहा. डेहराडूनचं विमान किंवा रेल्वे ट्रेक संपतो त्या दिवसाची किंवा दुसऱ्या सकाळची काढू नका. मधे एक पूर्ण दिवस रिकामा ठेवा. तिकीट हातात असलं की लोक इशारा पाहूनही माथ्याकडे निघतात, आणि तो दिवस रिकामा असेल तर बेस कॅम्पवर चोवीस तास थांबायला कोणाची हरकत नसते.